न विचारणारं ॲप

बायको गेली तो दिवस वेगळा आणि तिचा आवाज गेल्याचं कळलं तो दिवस वेगळा. मध्ये बत्तीस दिवस होते.

रविवार होता. मुलगी आदल्या दिवशी आली होती. ती दुसऱ्या शहरात एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते. महिन्यातून एकदा येते, आल्या आल्या फ्रिज उघडून बघते आणि बापाला रागावते. त्या सकाळी मात्र रागावली नाही. चहाचे कप विसळून पालथे घातले, हात पुसले, समोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, आज ऐकू या?"

काय ऐकायचं ते दोघांनाही ठाऊक होतं.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. तीस वर्षं तेच काम. बायको गेली त्या दिवशी तो एका नऊ मजली इमारतीत, लिफ्टच्या अगदी तळाशी जो खड्डा असतो, त्यात उतरलेला होता. तिथे फोनला रेंज नसते. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने नेहमीसारखा व्हॉइस मेसेज पाठवला. बाराच्या सुमारास तो तेलकट हातांनी वर आला, तेव्हा फोनवर शेजारणीचे सात कॉल येऊन गेले होते. मेसेज बघायची शुद्ध कुणाला होती? दवाखान्यात पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्याच मान टाकली, असं शेजारीण म्हणाली.

मेसेज फोनमध्ये तसाच राहिला. एक मिनिट बेचाळीस सेकंद. शेजारी निळा ठिपका, म्हणजे न ऐकलेला. रोज तो फोन उघडायचा, त्या ठिपक्यावर अंगठा न्यायचा आणि मागे घ्यायचा. ऐकला की संपला. न ऐकलेला आहे तोवर तिचं काहीतरी बोलायचं बाकी आहे, असं त्याने मनाशी धरलं होतं. शिवाय भीतीही होती. त्यात छातीत दुखतंय म्हणून सांगितलं असेल तर? मुलगी फोनवर विचारायची, "ऐकलंत?" तो म्हणायचा, "ऐकीन गं. सवडीने ऐकीन."

त्या रविवारी मुलगी शेजारी होती म्हणून त्याला धीर आला. त्याने अंगठा टेकवला.

फोनवर ओळ आली : ही फाईल फोनमध्ये सापडत नाही.

त्याने परत दाबलं. परत तेच. मुलीने फोन हातात घेतला, त्याच्या वरचा मेसेज दाबला, त्याच्या वरचा, मग आदल्या आठवड्यातला, आदल्या महिन्यातला. सगळ्या मेसेजांच्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. कुठली अठरा सेकंदांची, कुठली अडीच मिनिटांची. आत काही नव्हतं. घरांच्या दारांवर पाट्या आहेत आणि आत माणूस नाही, असं झालं होतं.

"बाबा, हे कुणी काढलं?"

तो म्हणाला, "मीच."

*

झालं होतं असं. साधारण वर्षभरापूर्वी त्याचा फोन सारखा कुरकुरायला लागला. जागा शिल्लक नाही, जागा शिल्लक नाही. जागा खात होते बायकोचे मेसेज. ती घरात पडदे, उशांचे अभ्रे, लोकांच्या विजारींच्या चेन असलं शिवणकाम करायची. दोन्ही हात कापडात गुंतलेले, त्यामुळे लिहिणं जमायचं नाही. फोन मशीनवर उभा करून ठेवायची आणि बोलायची. दिवसाला दहा-बारा मेसेज. मागे मशीनची घरघर. प्रत्येकाची सुरुवात ठरलेली : "अहो, ऐका ना, महत्त्वाचं काही नाही."

एकदा तो वैतागून म्हणाला होता, "महत्त्वाचं नाही तर पाठवतेस कशाला?"

"महत्त्वाचं सांगायला दुनिया आहे," ती म्हणाली. "बिनमहत्त्वाचं सांगायला नवरा लागतो."

त्याच्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदाराने सांगितलं की फोनची कामं आपोआप करणारं ॲप मिळतं. अमुक झालं की तमुक कर, एवढं सांगून ठेवायचं. कामावर पोचलं की फोन गप्प होईल, निघालं की घरी 'निघालो' म्हणून कळवेल, कचरा साठला की काढून टाकेल. हे त्याला फार पटलं. लिफ्टसुद्धा तशीच चालते. दार लागलं की हल, मजला आला की थांब, वजन जास्त झालं की जागची हलू नकोस. एकदा नीट जोडलं की माणसाने विसरून जायचं.

आठवडाभर नवरा-बायको जेवणं झाली की सोफ्यावर बसून ॲप पारखत होते. पहिलं ॲप चित्रांचं होतं, बोलायचंही. तो दारातून आत आला की एका बाईच्या आवाजात म्हणायचं, "तुम्ही घरी आलात."

"ते मला दिसतंय," बायको स्वयंपाकघरातून म्हणायची. "हिला कोणी विचारलंय? काढा आधी ती बया."

दुसरं ॲप म्हणजे नुसते चौकोन आणि बाण, लिफ्टच्या पॅनलच्या नकाशासारखे. ते त्याला आवडलं. त्याने दोन संध्याकाळी खपून मोठी जोडणी केली आणि तिसऱ्या दिवशी ते आपोआप बंद पडलं. बायको हसून हसून बेजार. "कामाला ठेवलेला गडी कामाच्या आधी झोपला."

राहिली दोन. तिसरं ॲप सगळं करायचं, पण प्रत्येक वेळी आधी विचारायचं. फोन गप्प करू का? कळवू का? हे जुने मेसेज आहेत, काढू का? चौथं काही विचारायचं नाही. सांगितलेलं करून मोकळं.

बायकोला विचारणारं हवं होतं.

"अगं, दिवसातून वीसदा विचारेल ते. लिफ्ट दर मजल्यावर 'थांबू का, थांबू का' करायला लागली तर माणसं जिन्याने जातील."

"जातील तर जाऊ देत. पाय काय शोभेला दिलेत?" ती म्हणाली. "बाकीचं न विचारता करू दे हवं तर. पण काढून टाकताना तरी विचारायला हवं हो. मी चिंधी टाकतानासुद्धा एकदा उलटून बघते."

"म्हणूनच पलंगाखाली तीन गाठोडी आहेत."

"आहेत. आणि तुमच्या खिशाला आतून लावायला त्यातलंच कापड लागतं, ते कधी दिसत नाही."

तो हसला. पण बटण त्याने चौथ्या ॲपचंच दाबलं. यंत्रातलं आपल्याला कळतं, तिला काय कळतंय, हे तो बोलला नव्हता, पण मनात तेच होतं. आता ते आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नियम त्यानेच लिहिला : फोन चार्जिंगला लावला की तीस दिवसांपेक्षा जुने व्हॉइस मेसेज काढून टाक. आलेलेही आणि पाठवलेलेही. रोज चार्जिंगला लावतोच, म्हणजे वेगळी आठवण नको. स्वतःच्या हुशारीवर तो खूश झाला होता. बायकोने खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाली, "बरं बाई. तुमच्या फोनवर माझी बडबड नको तर माझ्या फोनवर तरी कशाला? माझ्याही फोनवर लावा." तिच्या बोलण्यात टोमणा होता, की खरंच फोन मोकळा हवा होता, हे त्याने तेव्हा विचारलं नाही. आपल्या फोनवरचे नियम जसेच्या तसे तिच्या फोनवर पाठवले. दोन मिनिटांचं काम.

आणि ॲपने काम चोख केलं. त्याची काही चूक नाही. बायको गेली, माणसं येऊन गेली, तो परत खड्ड्यात उतरायला लागला, आणि रोज फोन चार्जिंगला लावत राहिला. एकतिसाव्या दिवशीही लावला.

*

मुलगी रडली नाही, लगेच कामाला लागली. आईवर गेलीय.

"आईचा फोन कुठंय?"

फोन मशीनच्या खणात होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची बॅटरी संपली आणि मग त्याला कुणी हात लावला नव्हता.

"मग त्यात असणार ना! तिने पाठवलेला तिच्या फोनमध्ये असणारच. बंद पडलेला फोन काय काढणार?"

त्याच्या जिवात जीव आला. घाईघाईने चार्जर आणला, भिंतीत खुपसला, दुसरं टोक फोनपाशी नेलं, आणि हात तिथेच थांबला. टोक आणि फोन यांच्यात बोटभर अंतर राहिलं होतं.

"काय झालं?"

"चार्जिंगला लावला की याच्यातलेही जातील," तो म्हणाला. त्याने चार्जरची वायर भिंतीतूनच उपटली आणि लांब टेबलावर ठेवली. फोन त्याने रुमालात गुंडाळला. बंद फोनला रुमाल कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सोमवारी दोघं मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली बोळ. आत एक बाई डोळ्याला भिंग लावून बसलेली, पुढ्यात मुंगीएवढे स्क्रू. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "बॅकअप?"

"बंद केला होता," तो म्हणाला. "जागा खातो म्हणून."

"काका, तुम्ही जागा वाचवून तिथे काय बांधणार होतात?" असं ती म्हणून गेली आणि लगेच जीभ चावली. "माफ करा हं. ग्राहकांशी असंच बोलायची सवय लागलीय."

"बरोबर बोललीस," तो म्हणाला.

मग ती म्हणाली की घाबरू नका. फोनचं कुलूप उघडेपर्यंत ते ॲप जागंच होत नाही. आणि फोन सेफ मोडमध्ये चालू केला, तर कुलूप उघडल्यावरही बाहेरून घेतलेली सगळी ॲप झोपूनच राहतात. आपण फक्त आत जायचं, फाईल उचलायची आणि बाहेर यायचं. पाच मिनिटांचं काम. तिने स्वतः चार्जर लावला. तो लावताना त्याने तोंड रस्त्याकडे फिरवलं होतं.

फोन चालू झाला. कोपऱ्यात सेफ मोड असं लिहिलेलं आलं. खाली सहा चौकटी.

"आकडा सांगा," बाई म्हणाली.

तो मुलीकडे बघायला लागला आणि मुलगी त्याच्याकडे.

"ती अंगठा लावायची," तो म्हणाला.

"बंद करून चालू केला की अंगठा चालत नाही, काका. आकडाच लागतो. जन्मतारीख वगैरे काही?"

मुलीची जन्मतारीख घातली. चूक. लग्नाची तारीख घातली. चूक. बायकोची स्वतःची घातली. चूक. पडद्यावर ओळ आली : आणखी सात प्रयत्न शिल्लक, त्यानंतर फोनमधली सर्व माहिती पुसली जाईल.

बाईने फोन त्याच्या हातून हळूच काढून घेतला. "आता अंदाजाने नको. घरी जाऊन शोधा. कुठेतरी लिहिलेला असेल. बायका लिहून ठेवतात."

परत येताना बसमध्ये मुलगी म्हणाली, "एकतीस वर्षं, बाबा. तुम्हाला आईचा आकडा माहीत नाही?"

"तुला तरी कुठे माहीत आहे?"

"मी तिचा नवरा नाही."

त्याला काहीतरी आठवायला लागलं होतं आणि ते आठवू नये असं वाटत होतं.

*

मुलगी रजा संपवून गेली. त्याने घर पालथं घातलं. मापांची वही पानापानाने वाचली. कुणाच्या खिडकीची उंची, कुणाच्या कमरेचा घेर, कोपऱ्यात कुणा गिऱ्हाइकाबद्दल 'फार बोलते' असा शेरा. तीन गाठोडी सोडली, चिंधी न् चिंधी उलटून बघितली आणि परत बांधली. मशीनच्या पोटावर कोरलेला नंबर सहा आकडी निघाला, तेव्हा त्याला वाटलं, सापडला. दुकानात धावला. चूक. सहा प्रयत्न शिल्लक. मेव्हणीला फोन केला. ती म्हणाली, लहानपणी आमच्या घराचा फोन नंबर सहा आकडी होता, तो घालून बघा भावोजी. घातला. चूक. पाच.

दुरुस्तीवाली बाई एक पैसा घेत नव्हती. तो दारात दिसला की नुसती मान वर करून बघायची आणि हातातलं काम खाली ठेवायची.

शेवटी तो शेजारणीकडे गेला. बायकोचं आणि तिचं रोजचं जाणंयेणं होतं. शेजारणीने त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि आकड्याचं विचारल्यावर तिचा चेहरा एकदम उजळला.

"हो हो, बदलला होता तिने! महिनाभर आधीची गोष्ट. मी म्हटलं, कागदावर लिहून ठेव गं बाई, विसरशील. तर म्हणाली, लिहायला कशाला हवं? यांना सांगितलाय. मी विसरले तर यांच्या लक्षात राहील."

तो पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिला.

"सांगितला होता ना तिने?" शेजारणीने विचारलं. आता तिचा आवाज बारीक झाला होता.

"हो," तो म्हणाला. "सांगितला होता."

सांगितलाच होता. बसमध्ये त्याला आठवायला लागलेलं ते हेच. व्हॉइस मेसेजमध्ये सांगितला होता. एका इमारतीचा जिना उतरता उतरता, हातात अवजारांची पेटी, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. तिचे मेसेज तो दुप्पट वेगाने ऐकायचा, म्हणजे लवकर संपतात. आवाज चिमणीसारखा यायचा. "अहो, ऐका ना, महत्त्वाचं काही नाही, फोनचा आकडा बदललाय, लक्षात ठेवा हं." पुढे तिने आकडा सांगितला होता. तो का निवडला तेही सांगितलं होतं, आणि सांगताना हसली होती. एवढं आठवतं. हसली का ते आठवत नाही. त्याच वेळी खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं की लिफ्ट परत अडकली. त्याने सगळं कानाआड केलं आणि पळाला. ऐकायचंच असलं तर फोनमध्ये आहेच की, असं मनात आल्याचंही त्याला आठवतं.

तो मेसेज त्याच्या फोनमधून बायको गेल्यावर आठवड्याभरातच निघून गेला असणार. बायकोच्या फोनमध्ये तो आहे. किल्ली कुलपाच्या आत आहे.

त्याने हे मुलीला फोनवर सांगितलं. वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, "बाबा, तिने का हसत सांगितला असेल? काय असेल असं?"

"तेच शोधतोय."

"तुमचा जुना बिल्ला नंबर?"

"पाच आकडी होता."

"तुम्ही पहिल्यांदा तिला कुठे भेटलात? तारीख?"

"तारीख कोण लक्षात ठेवतं? ती ठेवायची."

मुलगी हसली आणि हसता हसता रडायला लागली. तो फोन कानाला धरून उभा राहिला. त्या वेळी तो काही करत नव्हता. जिना उतरत नव्हता, बूट घालत नव्हता. मुलीचं रडणं संपेपर्यंत ऐकलं.

आता तो कामावर कमी बोलतो. जोडीदाराने परवा विचारलं, ते ॲप कसं चाललंय, मलाही एक घ्यायचंय. त्याने सांगितलं, विचारणारं घे. जोडीदार म्हणाला, ते फार डोकं खातं म्हणतात. तो म्हणाला, खाऊ दे. जोडीदाराने दुसऱ्या दिवशी न विचारणारंच घेतलं. सगळे तेच घेतात.

दर शनिवारी तो वहीत नवे आकडे लिहितो. पहिल्या खोलीचा नंबर, पहिल्या मशीनच्या खरेदीची तारीख, मुलगी पहिल्यांदा चालली तो दिवस. तो कोणता हे त्याला नक्की सांगता येत नाही. मग एक एक खोडतो. बराच वेळ शोधून, खात्री वाटली म्हणून एक घालून बघितला, तो चुकला. आता चार प्रयत्न शिल्लक आहेत. दुरुस्तीवाल्या बाईने फोन बंद करून, पाकिटात घालून त्याच्याकडे परत दिला आहे आणि सांगितलं आहे की घाई नाही, बंद आहे तोवर आत सगळं सुरक्षित आहे.

आकडा अजून सापडलेला नाही. ती शेवटी काय म्हणाली ते ऐकायचं राहिलं आहे.